मातृदिनाची काख

हूरिया केरेआमा कॉम्प्युटरकडे आली ती थेट मेंढ्यांच्या आतड्यांतून. गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात तिने एकवीस वर्षं आतडीखात्यात काढली. पट्ट्यावरून कोमट आतडी घसरत यायची. ती हाताने चाचपायची, पीळ सोडवायचा, भोक पडलेलं बाजूला फेकायचं आणि धडधाकट आतडं धुऊन सॉसेजवाल्यांसाठी पुढे ढकलायचं. डोळ्यांचं त्यात फारसं काम नसे. "बघून काम करतात ते नवशिके," असं ती म्हणायची.

चौऱ्याण्णव साली कारखाना बंद पडला. बेकार झालेल्यांसाठी दोन फुकट वर्ग निघाले, एक फुलांच्या सजावटीचा आणि एक कॉम्प्युटरचा. बायकांनी कुठे जायचं आणि पुरुषांनी कुठे, हे कोणी लिहिलं नव्हतं. पण फुलांच्या फॉर्मवर गुलाब होता आणि कॉम्प्युटरच्या फॉर्मवर टाय घातलेला माणूस. हूरियाने टायवाला फॉर्म उचलला. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, फुलांचा फॉर्म इकडे आहे." ती म्हणाली, "मेलेल्या वस्तू नीट मांडायचं काम एकवीस वर्षं केलं. आता पुरे." वर्गात एकोणीस पुरुष आणि ती. शेवटपर्यंत चौघं टिकले, त्यात पहिला नंबर तिचा. त्याचा तिने कधी गर्व केला नाही. बाकीचे तिघं किती मठ्ठ होते तेवढं मात्र ती भेटेल त्याला सांगायची.

मी तिआकी. आमच्या जमातीच्या रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करतो, आणि हूरिया माझ्या आईची चुलत बहीण. आमच्या किनाऱ्यावर आईला, मावशीला, आत्याला, म्हणजे जिच्या हातचं खाल्लंय आणि जिच्या हातचा मार खाल्लाय अशा कुठल्याही बाईला 'कोका' म्हणतात. त्यामुळे ती सगळ्या गावाची कोका हूरिया. शहाण्णवपासून रेडिओची सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. आमचा रेडिओ एका जुन्या बँकेच्या इमारतीत आहे, आणि बँकेच्या तिजोरीच्या खोलीत सर्व्हर. सर्व्हर म्हणजे ज्याच्या पोटात सगळ्यांच्या फायली असतात आणि बाकीचे कॉम्प्युटर तारेवरून ज्याच्याकडे त्या मागतात, तो. त्या खोलीचं दार इतकं जाड की आत कोका कुणाचा उद्धार करतेय ते बाहेर ऐकू येत नाही. बँक गेली, पण ही एक सोय करून गेली.

सर्व्हरवर अकरा हजार ध्वनिफिती. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज, वंशावळी, गाणी, मासे कुठे लागतात याबद्दलच्या थापा. त्यांची नावं आमच्याच भाषेत टाइप केलेली. आमची भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात; स्वर लांबला की त्याच्या डोक्यावर आडवी रेघ देतात, आणि रेघ चुकली की अर्थाचा बट्ट्याबोळ. 'केके' रेघांशिवाय लिहिलं तर केक. दोन्ही स्वरांवर रेघ दिली तर काख. लग्नपत्रिकेत ही चूक झालेली दोन घराणी गावात आहेत. तिथे पाहुणे अजून केक जपून खातात.

आता अडचण अशी की नव्वदच्या सुमाराच्या कॉम्प्युटरांत रेघवाली अक्षरं नव्हती. डोक्यावर दोन टिंबं असलेली होती, जर्मनांसारख्यांसाठी. मग कोणा हुशार माणसाने युक्ती काढली. त्याने एक फाँट असा बनवला की पोटात टिंबंवालं अक्षर असेल तिथे डोळ्यांना रेघवालं दिसावं. आम्हाला रेघ दिसायची, कॉम्प्युटरला टिंबं. दोघंही आपापल्या समजुतीत खूश. पुष्कळ संसार असेच टिकतात.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये जुना सर्व्हर खोकायला लागला म्हणून नवा आणला. त्यावरचं सॉफ्टवेअर फुकटातलं, जगभरातले लोक हौसेने मिळून लिहितात तसलं. त्याच्या पोटात अक्षरं ठेवायची पद्धत नवी, जगातल्या एकूण एक लिप्या मावतील अशी. फायली इकडून तिकडे ओतल्या. सगळं सुरळीत दिसत होतं. फक्त आमच्या कॉम्प्युटरांवर नावांतली रेघवाली अक्षरं गायब झाली होती आणि प्रत्येकाच्या जागी तळाला नुसती एक आडवी रेघ उरली होती.

आमचा मॅनेजर मानुएरा शहरातून व्यवस्थापन शिकून आलेला. तो म्हणाला, "डोक्यावरची रेघ पायाशी आली, एवढंच ना? चालतंय की."

कोका म्हणाली, "बघते." आणि दोन महिने तिने ढुंकूनही बघितलं नाही. हे ती स्वतःच कबूल करते, म्हणून लिहितोय. नाहीतर माझी काय बिशाद.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मातृदिन. मानुएराने मोठा घाट घातला होता. चर्चच्या सभागृहात कर्णा लावून आमचा कार्यक्रम ऐकवायचा, मग जेवण. पहिल्या रांगेत मधोमध नॅनी माकेरे, नॅनी म्हणजे आजी. वय वर्षं एक्क्याण्णव, पाद्री एपेराहामांची विधवा, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. त्र्याण्णव साली तिने स्वतःच्या आईबद्दल रेडिओवर नऊ मिनिटं बोलून ठेवलं होतं. त्या फायलीचं नाव 'कोका', दोन्ही स्वरांवर रेघ. ती ऐकून दगडाला पाझर फुटतो अशी ख्याती. तीच फीत लावायचं ठरलं होतं.

मी स्टुडिओत बसून आवाज जड केला. "आता ऐकूया, आपल्या सर्वांच्या लाडक्या नॅनी माकेरे, आपल्या आईविषयी." समोर एकाच नावाच्या दोन फायली दिसत होत्या. के, रेघ, के, रेघ. कोणीतरी एकच फीत दोनदा टाकलेली दिसते, असं मनात म्हणून मी वरच्या फायलीवर टिचकी मारली आणि उठलो. नऊ मिनिटांची फीत म्हणजे देवाने निवेदकाला दिलेला लघुशंकेचा वेळ.

संडासाच्या बाहेर बोळात आमचा एक कर्णा आहे. आत उभ्या उभ्या मला ऐकू आलं ते नॅनी माकेरेचं बोलणं नव्हतं. तो अंकल तिपोकीचा आवाज होता. हा तिपोकी मेंढ्या कातरणारा, सात वर्षांपूर्वी वारलेला, आणि जिवंतपणी त्याच्याशेजारी चर्चमध्ये कोणी बसत नसे, कारण हसू आवरायचं नाही.

"तर मंडळी," अंकल म्हणत होता, "आज आपण काखेविषयी बोलू. काख पुष्कळांची बघितली. पण पाद्री एपेराहामांसारखी काख नाही. आशीर्वादाला त्यांनी हात वर केले की पहिली रांग डोळे मिटायची आणि मान खाली घालायची. एकदा बाहेरगावचे बिशप आले होते. ते म्हणाले, वा, काय ही भक्ती! असा नम्र समाज मी कुठे बघितला नाही. आणि बरं का, तेवढ्यात एपेराहामांनी बिशपांनाच मिठी मारली..."

मी पँट सावरत धावलो. बोळ लांब. पोचेपर्यंत बिशप खुर्चीवर कोसळले होते. मी फीत तोडली, माफी मागितली, आणि दुसऱ्या फायलीवर टिचकी मारली.

"तर मंडळी," अंकल तिपोकी म्हणाला, "आज आपण काखेविषयी बोलू."

कोकाची काख झाली होती. ध चा मा म्हणतात तो हाच, आणि तो संबंध किनाऱ्याने दोनदा ऐकला होता.

फोन वाजला. नॅनी माकेरे, चर्चच्या फोनवरून.

"तिआकी."

"नॅनी, माझं चुकलं. कसं झालं कळत नाही. माफ करा मला..."

"तिपोकी खोटारडा आहे."

"हो नॅनी."

"एकच काख सांगितली त्याने. डावीचं नावच नाही घेतलं." आणि तिने फोन ठेवला.

नॅनीने फोन ठेवला म्हणून प्रकरण संपलं नाही. चर्चच्या समितीचं पत्र सोमवारी सकाळी मानुएराच्या टेबलावर होतं: माफी मागा आणि येत्या रविवारी नॅनीची खरी फीत लावा. त्याने मला आणि कोकाला बोलावलं. कोका येताना डुकराच्या हाडांच्या रश्श्याचा डबा घेऊन आली आणि त्याच्या टेबलावरच उघडून बसली.

"तिआकी, तू हे मुद्दाम केलंस?" मानुएराने विचारलं.

"दोनदा मुद्दाम करीन होय?"

"हूरिया, तुझं काय मत?"

"कोका म्हण. तुझी ढुंगणं धुतलीत मी." तिने एक हाड चोखून बाजूला ठेवलं. "तिआकी मूर्ख आहे, पण या जातीचा मूर्ख नाही. चल रे, काय केलंस ते करून दाखव."

मी दाखवलं. वरची फाइल, काख. खालची फाइल, काख. कोकाने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"एका घरात एकाच नावाची दोन माणसं," ती म्हणाली. "हे सर्व्हरला मान्य कसं झालं? त्याच्या बापालाही होऊ नये." मग रश्श्याचा डबा उचलून ती तिजोरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

मंगळवारी दुपारी तिने मला आत बोलावलं. पडद्यावर आकड्यांच्या रांगा.

"आपल्याला दिसतं अक्षर, यंत्राला दिसतो आकडा," ती म्हणाली. "सर्व्हरच्या पोटात फायली दोन, आणि त्यांची नावंही वेगळी. या 'कोका'त बघ, टिंबंवाली दोन अक्षरं, दोनशे शेहेचाळीस आणि दोनशे अठ्ठावीस. या 'केके'त दोनशे पस्तीस, दोनशे पस्तीस. हे आकडे जुन्या पद्धतीचे. ओतताना जसेच्या तसे आले."

"मग?"

"नव्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे सभागृहाच्या फाटकाशी पुढे आलेला पाहुणा. दोनशे पस्तीस येतो आणि सांगतो, माझ्यामागून आणखी दोघं आहेत, आम्ही तिघं मिळून एक अक्षर. यजमान वाट बघतो. मागून येतो साधा 'के'. तो म्हणतो, मी याला ओळखत नाही. मग यजमान म्हणतो, हा थापाड्या. त्याला हाकलतो आणि त्याच्या जागी रेघ मारतो."

"आणि दोनशे शेहेचाळीस?"

"त्याचं नावच नाही पाहुण्यांच्या यादीत. त्यालाही रेघ. झालं? थापाडे वेगवेगळे, रेघ सगळ्यांना एकच. म्हणून तुझ्याकडे दोन्ही नावं सारखी."

"बरं. पण फीत चुकीची का लागते?"

"कारण तू मागतोस ते त्याने ठेवलेलं खोटं नाव. तो पोटात शोधतो. असं नाव कुठेच नाही. मग तो म्हणतो, हे नाव मी कोणाला दिलं होतं बरं? ओळीने बघत जातो आणि पहिली जुळेल ती उचलतो. पहिली बसलीय काख." तिने पडद्यावर बोट आपटलं. "दुसरीपर्यंत तो पोचतच नाही. नॅनीची कोका आत धडधाकट बसलीये, आणि जगातल्या कोणालाही तिला हाक मारता येत नाही."

हे मला आत कुठेतरी लागलं. तिने मला एक तळलेला पाव दिला, म्हणजे तिलाही लागलं असावं.

तिने मोजलं. अशा फसलेल्या जोड्या एकोणसाठ. एका जोडीत गावातल्या दोन भांडकुदळ घराण्यांच्या वंशावळी होत्या. म्हणजे मार्चपासून आम्ही एकाच घराण्याची वंशावळ दोघांच्या नावाने लावत होतो, आणि दुसऱ्या घराण्यात एकालाही फरक कळला नव्हता.

मानुएराने तोडगा काढला. "सगळ्या नावांतल्या रेघाबिघा काढून टाका. साधी अक्षरं ठेवा. शुक्रवारपर्यंत."

"मुलांसाठी 'वेता' किड्यावर आपले बारा भाग आहेत," कोका शांतपणे म्हणाली. "रेघ काढली की वेताचा अर्थ काय रे होतो?"

मानुएरा टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"सांग की. शहरात विसरलास?"

"घाण," मानुएरा म्हणाला.

"घाण, भाग पहिला. घाण, भाग दुसरा. बालगोपाळांसाठी दर शनिवारी." ती उठली. "शुक्रवारपर्यंत मी बघते. आणि या खेपेला खरंच बघते."

रात्री ती काम करत नसे. मंगळवारी आणि गुरुवारी हाउझीचा डाव असायचा, बाकीच्या रात्री झोप. पण बुधवारी सकाळी साडेसातला ती तिजोरीत होती. त्या सॉफ्टवेअरचा मजकूर तिने कागदावर छापून घेतला, पेन्सिल कानावर खोचली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ सरकत होती, डोळे अर्धे मिटलेले.

"सापडतंय का काही?"

"पीळ आहे कुठेतरी. हाताला लागतोय. तू जा."

अकराला तो सापडला. नाव मागणारं एक टोक आणि नाव जुळवणारं दुसरं टोक. दोघंही परस्पर अक्षरं पुसत होते आणि एकमेकांना काही सांगत नव्हते. तिने त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मंडळाला ईमेलने पत्र लिहिलं. तासाभरात उत्तर आलं. लिहिणारा होबार्टचा, नाव लेटन. तो भाग त्याच्या देखरेखीखाली होता.

"तुमच्या फायलींची नावं अवैध आहेत," त्याने लिहिलं होतं. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. जपानातून, रशियातून, सगळीकडून अशी पत्रं येतात. सगळ्यांना सांगतो तेच सांगतो. नावं दुरुस्त करून घ्या."

कोकाने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. "अवैध! माझ्या तीन भावंडांना पाद्र्याने हाच शब्द लावला होता. त्यातला एक पुढे त्याच पाद्र्याचा जावई झाला." आणि तिने दोन बोटांनी उत्तर बडवलं.

"लेटन, माझी नावं मी दुरुस्त करीन, त्याला तुझी परवानगी नको. माझं म्हणणं वेगळं आहे. मी एक मागितलं, तुझ्या सर्व्हरने दुसरं दिलं, आणि वर तोंडही उघडलं नाही. नाव वाचता येत नसेल तर येत नाही म्हणावं. शेजाऱ्याच्या बायकोला घरी आणून सोडू नये."

दुपारी त्याचं उत्तर आलं. या खेपेला आवाज जरा खाली होता. "मुद्दा लक्षात आला. फाइल चुकीची जाणं हे वाईटच. पण वाचता न येणाऱ्या अक्षराचं करायचं काय? काहीतरी दाखवावं लागतंच."

तिने लिहिलं, "आमच्या कारखान्यात ज्या आतड्याची ओळख पटत नसे त्याला चिठ्ठी लावत. सगळ्यांना एकच चिठ्ठी नाही. प्रत्येकाला त्याचा नंबर. न कळलेल्या अक्षराच्या जागी रेघ मारू नको, त्याचा आकडा लिही. परत मागायला येईल तेव्हा आकड्यावरून मूळ नाव बिनचूक मिळेल. दिसायला भिकार दिसेल, पण माणूस हरवणार नाही."

लेटन म्हणाला, "करून पाठवा. आणि सोबत चाचणी हवी. चाचणीशिवाय मी काही घेत नाही."

गुरुवारी सकाळी तिने आपली दुरुस्ती आमच्याच सर्व्हरवर चढवून बघितली, आणि सव्वाआठला सगळा रेडिओ मेला. एकही फीत उघडेना. माझ्याजवळ होतं फक्त वर्तमानपत्र. मी पहिल्यांदा भरती-ओहोटीच्या वेळा वाचल्या, आमच्या किनाऱ्याच्या. मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या दक्षिण बेटाच्या. मग जुन्या मोटारींच्या जाहिराती. नऊच्या सुमाराला मी शब्दकोड्याच्या खुणा वाचत होतो आणि लोक फोन करून उत्तरं सांगत होते. त्या महिन्यात तेवढा लोकप्रिय कार्यक्रम दुसरा झाला नाही.

तिजोरीचं दार उघडं राहिलं होतं, म्हणून गावाने पहिल्यांदाच कोकाचं चारचौघांतलं नव्हे, तर अस्सल आतडीखात्यातलं बोलणं ऐकलं. दहाला ती बाहेर आली. घामाघूम, पण खूश.

"सापडलं. एका अक्षराच्या जागी आकडा आला की नाव लांबतं. आणि नावासाठी ठेवलेला डबा जुन्याच मापाचा. ते मास्तर आठवतात? ज्यांना फायलीच्या नावातच अख्खी गोष्ट सांगायची खोड होती? त्यांच्या नावाने डबा फुटला."

"मग आता?"

"डबा मोठा केला. आणखी काय करतात?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं सुरू झालं. नावं भिकार दिसत होती, मध्येच आकडे घुसलेले. पण दोन फायलींची दोन नावं होती. मी एकीवर टिचकी मारली. अंकल तिपोकी. दुसरीवर मारली. क्षणभर खरखर, आणि मग नॅनी माकेरेचा पंधरा वर्षांपूर्वीचा आवाज: "माझी कोका पहाटे समुद्रावर जायची..." कोका हूरियाने पुढे होऊन ती बंद केली. "रविवारी ऐकू," ती म्हणाली आणि नाक पुसत आत गेली.

तिने चाचणी पाठवली. दोन रिकाम्या फायली, एकीचं नाव कोका, दुसरीचं केके, जुन्या आकड्यांत. एक मागितली तर दुसरी मिळता कामा नये, बस्स. लेटनने विचारलं, या शब्दांचा अर्थ काय, टिपेत घालायचाय. तिने कळवलं, "एक आई, एक काख. चाचणी फसली की वासावरून कळेल." पुढे सहा आठवडे त्याने दुरुस्तीतली प्रत्येक ओळ उलटून पालटून बघितली, तीन ठिकाणी खोट काढली, त्यातल्या दोन कोकाने मान्य केल्या आणि तिसरीवर त्यालाच माघार घ्यायला लावली. मग ती दुरुस्ती त्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली.

तो रविवार मात्र आधीच आला. समितीची मागणी होती की नॅनीची फीत सन्मानाने लावावी आणि काखेचा उल्लेखही होऊ नये. नॅनी माकेरे स्वतः स्टुडिओत आली, काठी टेकत, हॅट घालून.

"दोन्ही लावा," ती म्हणाली.

मानुएरा घाईघाईने पुढे झाला. "नॅनी, पाद्रीसाहेबांच्या स्मृतीचा प्रश्न आहे. समितीचं म्हणणं..."

"समितीत कोण आहे? एपेराहामाशेजारी समिती झोपत होती का? काख त्याची होती, पण चाळीस वर्षं नाक माझं होतं. आधी काख लाव. लोकांना हसू दे. मग माझी कोका. हसून मोकळी झालेली माणसं नीट ऐकतात."

मी तसंच केलं. बिशप पुन्हा खुर्चीवर कोसळले. नॅनी काचेपलीकडे बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी दुसरी फीत लावली. नऊ मिनिटं मी जागचा हललो नाही. नॅनीही नाही. चर्चमध्ये, मला नंतर सांगितलं, कोणी खोकलंसुद्धा नाही. मानुएरा दारात उभा होता आणि त्याने घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

यानंतर कोकाने आमच्या फायलींची नावं दुरुस्त करायला घेतली. टिंबं काढा, रेघा द्या, अकरा हजार नावं, चार मिनिटांत काम फत्ते. पाचव्या दिवशी पशुखाद्याच्या दुकानातला म्हातारा ऑगी म्युलर तरातरा आला. त्याचा पणजोबा जर्मन, देवमाशांच्या शिकारीला आलेला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिलेला. ऑगीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची मुलाखत आमच्याकडे होती.

"माझ्या आडनावावर रेघ कुठून आली?" त्याने टेबलावर मूठ आपटली. "दीडशे वर्षं आम्ही ती दोन टिंबं सांभाळली! दोन महायुद्धांत लपवून ठेवली! कैसरसाठी नाही घालवली, हिटलरसाठी नाही घालवली, आणि तू चार मिनिटांत..."

"बस ऑगी, बस. देते तुझी टिंबं."

"दोन्ही!"

"दोन्ही देते. एक ठेवून मी काय करू?"

म्हणजे यंत्रावर सोडून भागणार नव्हतं. कोणतं टिंब खरंच टिंब आहे आणि कोणतं रेघेचं सोंग, ते माणसालाच कळणार. कोकाने यादी छापली आणि गावातल्या आठ म्हाताऱ्यांना रेडिओत बोलावलं. तीन आठवडे रोज दहा ते बारा, चहा आणि तळलेले पाव, नाव वाचायचं आणि सांगायचं. भांडणं भरपूर झाली. एका गाण्याच्या नावावरून दोघीजणी एकमेकींशी चार दिवस बोलल्या नाहीत, आणि शेवटी ते गाणं लावून ऐकलं तेव्हा दोघी चुकलेल्या निघाल्या. पण यादी पुरी झाली, आणि ऑगीखेरीज तिघांना त्यांची टिंबं परत मिळाली.

दोन हजार सोळात कोका निवृत्त झाली. आता ती रताळी लावते, धक्क्यावर मासे धरते आणि कोणी मोबाइल घेऊन आलं की आधी शिव्या देते, मग दुरुस्त करते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो. तिच्या कॉम्प्युटरवर, ईमेलच्या कचऱ्याच्या कप्प्यात व्लादिवोस्तोकच्या कोणा बाईचं पत्र पडलेलं मला दिसलं. बंदराच्या कचेरीतल्या वीस वर्षांच्या नोंदी तुमच्या दुरुस्तीमुळे आम्हाला सापडल्या, तुमचं नाव चाचणीखाली वाचलं, मनापासून आभार, असं काहीसं.

"कोका, हे कचऱ्यात का टाकलंस?"

"ठग असणार. पैसे मागेल पुढच्या पत्रात."

"अगं, आभार मानतेय ती."

तिने चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. बाहेर रताळ्यांच्या वाफ्यात शेजाऱ्याची कोंबडी शिरली होती. तिने खिडकीतून तिला हाकललं, खाली बसली आणि दोन बोटांनी उत्तर बडवायला लागली.